राजूच्या मानेवरची हळद

राजूला एखादं काम सांगायचं म्हंजे दोनदा सांगायला लागायचं, आणि तिसऱ्यांदा आपणच उठून करायला लागायचं. दळण आणायला पाठवला तर पीठ गिरणीत ठेवून रिकामी पिशवी घडी घालून घेऊन येणार, असा पोऱ्या. मनानं लाख, पण डोकं कायम कुठंतरी हिंडायला गेलेलं. सगळ्या चामटोली गावाला माहीत. त्याचा बापूस नाथा, आनंदनगरच्या एमआयडीसीत कंपनीत कामाला, लय शिस्तीचा माणूस, सायकल पण रोज एकाच दगडाला टेकवणार. तो म्हणायचा, "याच्या हातात देवाचं ताम्हन दिलं ना, तर हा ताम्हन बरोबर घेऊन येईल, देव तिथंच ठेवील."

आमचा राजू आता नाय. मागच्या श्रावणात ताप आला, तो उतरलाच नाय. मोठा माणूस नव्हता तो, पेपरात नाव आलं नाय कधी. पण घरात कोणाचं पण लग्न असलं की माणसं त्याला मांडवात धरून बसवायची, राजू, ती हळदीची गोष्ट सांग. आणि तो सांगायचा, स्वतःवरच हसत. आता सांगणारा गेला, म्हणून इथं टाईप करून ठेवली, घरच्या पोरांना मोबाईलवर वाचता येईल.

तेव्हा राजू विशीला आलेला. बारावीचा एक विषय राहिला होता, तो काढतो काढतो म्हणत उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या जीन्सच्या दुकानात लागला. शेठ त्याला "पुट" म्हणायचा, त्यांच्यात पोराला पुट म्हणतात, आणि येता जाता कपाळावर हात मारून घ्यायचा. कारण गिऱ्हाईकानं बत्तीसची कंबर मागितली की राजू छत्तीसची काढायचा. पण कामावरून काढला नाय कधी. राजूवर रागावून बसणं कोणाला जमायचंच नाय.

त्याचा जिगरी म्हंजे गंधार. बदलापूरचा, सोसायटीत राहणारा, बाप ऑफिसला जाणारा. दोघं शाळेत एका बाकावर होते. पुढं गंधार इंजिनिअरिंगला गेला नि राजू दुकानात, पण संध्याकाळ झाली की गंधारची ॲक्टिव्हा चामटोलीत हजर. गंधारची आई कुमुदिनीबाई म्हणायच्या, "तुम्हा दोघांना मिळून देवानं एकच डोकं दिलंय, आणि ते माझ्या घरी राहिलंय." राजूला ते पटायचं पण. तो म्हणायचा, "काकी, मग संध्याकाळी पाठवत जा ना, वापरतो थोडं."

त्या वर्षी राजूच्या चुलत भावाचं, हरेशचं लग्न ठरलं. नवरी अंबरनाथची, बुवापाड्याची, नाव हर्षाली. तिची धाकटी बहीण अक्षदा. ती कॉलेजला होती आणि तिला लायब्ररीतून प्रेमाच्या कादंबऱ्या आणून वाचायचा नाद. तिच्या आयुष्यात प्रेमाची गोष्ट कशी सुरू होणार याचा तिनं आधीच सगळा विचार करून ठेवलेला, पोरगा कसा असेल, काय बोलेल. साखरपुड्याच्या दिवशी तिनं राजूला म्हटलं, "अहो, जरा पाणी देता का?" राजू ग्लास आणायला गेला तो मांडववाल्याशी बोलत तिकडंच बसला. तिला वाटलं, हा भाव खातो. भाव कसला, विसरला! पण घरी आल्यावर त्याला आठवलं, आणि मग तो तिला विसरलाच नाय. हे गंधारनं पहिल्यांदा बघितलं. "राज्या, तू आठ दिवस एकच गोष्ट लक्षात ठेवलीयेस. डॉक्टरला दाखवू या का?"

आता हळदीचा दिवस. आमच्यात पद्धत अशी की पहिली हळद नवऱ्याला लागते. त्याच्या अंगाला लावून जी उरते ती उष्टी हळद. ती हिरव्या साडीबरोबर, बांगड्यांबरोबर नवरीकडं घेऊन जायची. ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाय. तिकडं सगळी तयारी करून बायका नुसत्या वाट बघत बसतात. त्या हळदीत मान असतो. साखरपुड्यात मानपानावरून दोन्ही घरांत आधीच थोडी कुरबुर झालेली, त्यामुळं हळदीत काय उणंदुणं व्हायला नको असं नाथानं सगळ्यांना बजावलेलं.

चामटोलीत दुपारी हरेशला हळद लागली. मग काय, जो तो एकमेकाला फासतोय. हरेशनं राजूला मागून मिठीच मारली आणि आपला हळदीनं भरलेला गाल त्याच्या मानेवर असा घासला, असा घासला की राजूची मान कानापासून पाठीपर्यंत पिवळी. मग बायकांची गाडी निघाली बुवापाड्याला, पुढं हरेशची विठा आत्या. विठा आत्या म्हंजे एकदम फाटकं तोंड, पण काम चोख. गाडी गेली. साडी गेली, बांगड्या गेल्या, नारळ गेला. हळद राहिली चुलीजवळ!

नाथाच्या लक्षात आलं. बाकी सगळे पाहुण्यांत अडकलेले, समोर राजू आणि गंधार. नाथानं इकडं तिकडं बघितलं, दुसरं कोण दिसतंय का म्हणून. मग म्हणाला, "राजू, आत डबा हाय स्टीलचा, झाकणाचा. घे नि सुट. आजपर्यंत तुला चार माणसांत कधी काम सांगितलं नाय. आज सांगतोय. यात काय घाण केलीस तर परत कधी सांगणार नाय, समजलास?"

"समजलो बाबा."

"काय समजलास?"

"डबा. हळद. बुवापाडा."

राजूला इतका आनंद झाला की त्यानं पायात चपला पण घातल्या नाय. मोबाईल चार्जिंगला लावलेला, तो पण तिथंच. आत गेला, चुलीजवळ झाकणाचा स्टीलचा डबा दिसला, झाकण उचलून बघितलं, आत पिवळं. झालं. डबा मांडीत घेऊन गंधारच्या मागं बसला. बदलापूरचा पूल, मग अंबरनाथ, सगळ्या रस्त्यानं दोन्ही हातांनी डबा धरलेला. गंधार म्हणाला, "अरे निदान मला तरी धर, पडशील." राजू म्हणाला, "मी पडलो तर चालंल. तू गाडी चालव."

बुवापाड्याला पोचले तर मांडवात हर्षाली पाटावर बसलेली, विठा आत्या दारातच. "आला का बाबा! आम्हाला वाटलं हळद अजून शेतातच हाय." अक्षदानं पुढं होऊन डबा घेतला आणि वाटीत काढायला आत स्वयंपाकघरात गेली. बाकीच्या बायका गाणं म्हणायला लागल्या. राजूला हायसं वाटलं. एवढ्यात आतून अक्षदानं पडद्यामागनं बोट हलवलं, इकडं या.

राजूनं शर्ट नीट केला. त्याला वाटलं, पाणी देईल. आत गेला, मागून गंधार पण.

"हे काय आणलंय तुम्ही?"

"हळद."

"वास घ्या."

राजूनं वास घेतला. ओवा.

"चाटून बघा."

गंधारनं बोट बुडवून चाटलं. "राज्या, तिखट पण आहे. मीठ थोडं कमी आहे."

भज्याचं पीठ! राजूच्या आईनं, बनूबाईनं, पाहुण्यांना कांदाभजी करायची म्हणून बेसन कालवून ठेवलेलं, माश्या बसतील म्हणून वर झाकण. दोन्ही डबे शेजारी शेजारी, एकाच दुकानातले.

राजूनं झाकण लावलं, परत उघडून बघितलं, पीठच. त्याच्या डोळ्यांसमोर बापसाचं तोंड आलं. आयुष्यात पहिलं काम. तो म्हणाला, "मी बाहेर जाऊन सांगतो."

"काय सांगणार?" अक्षदा म्हणाली. "ताईला भजी बनवायला आलोय? बाहेर तुमची आत्या बसलीये, इकडं माझी आजी बसलीये. दोघींचं साखरपुड्यापासून जमत नाय. मांडवात युद्ध होईल, नि माझी ताई पाटावर रडत बसेल."

"मी परत जाऊन आणतो ना," गंधार म्हणाला.

"या वेळेला पुलावर ट्राफिक असतं. तास जाईल." मग ती राजूकडं बघत बसली. चांगली बघत बसली. राजूला लाजायला झालं. ती म्हणाली, "तुमच्या मानेला ही हळद कोणी लावली?"

"हरेशदादानं."

"हातानं?"

"नाय. गालानं. त्याच्या गालाला लावलेली, ती त्यानं माझ्या मानेला घासली."

"म्हंजे नवऱ्याच्या अंगाची?"

"हो."

"मग काय तर! बसा खाली. मान वाकवा."

तिनं तेलाची वाटी घेतली, एक चमचा घेतला. वाळलेल्या हळदीवर तेलाचं बोट फिरवलं, ती मऊ झाली की चमच्यानं खरवडून वाटीत काढायची. राजूला गुदगुल्या. "हलू नका ना!" "गुदगुल्या होतात." "हसलात तर चमचा टोचीन." गंधार दाराशी उभा, कोण आलं की खोकायचं असं ठरलेलं. पण लग्नघरात माणसं येतच असतात, तो सारखाच खोकायला लागला, शेवटी एक मावशी त्याला आल्याचा तुकडा देऊन गेली.

वाटीत जमलं चिमूटभरच. अक्षदानं त्यात घरची वाटलेली हळद मिसळली, तेल घातलं, ढवळलं. मग आपल्या बोटांकडं बघत हळूच म्हणाली, "कादंबरीत असं नसतं हं. तिथं बागेत भेटतात. गुलाब देतात."

राजू मान वाकवूनच म्हणाला, "मी पीठ आणलं ना."

ती इतकी हसली की हातातली वाटी कलंडायला आली. राजू नंतर कायम म्हणायचा, माझं जे काय व्हायचं ते त्या हसण्यात झालं, पुढं नुसती औपचारिकता.

हळद बाहेर गेली. हर्षालीला लागली, गाणी झाली, सगळं गोड. आणि तिकडं चामटोलीत बनूबाईनं कांदा चिरला, डब्यात बुडवला नि कढईत सोडला. धूर! काळीकुट्ट भजी. तिनं बोट लावून बघितलं नि ओरडली, "अहो, हळद तर इथंच हाय!"

नाथानं राजूला फोन लावला, तो वाजला त्याच खोलीत. मग डबा घेऊन रिक्षात बसला नि विठा आत्याला लावत राहिला, गाण्यांत तिला ऐकू आला तो रिक्षा अंबरनाथला आल्यावर. आत्याला कमी ऐकायला येतं म्हणून ती कायम स्पीकरवर बोलते. भर मांडवात आवाज आला, "विठे, हळद लावू नका! हळद इथंच राहिलीय, मी रिक्षानं घेऊन आलोच!"

सगळी गाणी बंद.

विठा आत्या म्हणाली, "आरं पण हिला लावून झाली की!" मग पाटाकडं वळून, "मग हिला काय लावलंय?" आणि सरळ वाकून तिनं हर्षालीचा गाल हुंगला.

नवरीकडची एक बाई म्हणाली, "आम्हाला वाटलंच. साधी हळद धड आणता येत नाय यांना." चामटोलीची एक म्हणाली, "तोंड सांभाळ गो, आमची हळद हाय म्हणून तुमची पोर बसलीय पाटावर." हर्षालीचे डोळे भरले. राजूला दिसलं, आणि तो मांडवाच्या मधे येऊन उभा राहिला. गंधारनं त्याला मागं ओढलं नि आपणच बोलला, "आत्या, डबा मी उचलला. माझी चूक. मी बाहेरचा माणूस, मला काय कळतं?" राजूनं त्याचा हात सोडवला. "नाय आत्या. डबा मी उचलला. हळद म्हणून भज्याचं पीठ आणलं. चूक माझी. पण वयनीला लावलीय ती हळदच हाय, दादाच्याच अंगाची. माझ्या मानेवर त्यानं लावलेली, ती काढून दिली."

"कोणी काढली?"

राजू अडकला. चार बायकांत त्या पोरीचं नाव कसं घ्यायचं? म्हणाला, "मीच."

विठा आत्यानं त्याला खांद्याला धरून गर्रकन फिरवला. मान एकदम साफ, तेलानं चकचकीत, केसांपर्यंत. "मानेच्या मागची? तुझं हात काय उलटं हायत?"

"मी काढली," गंधार म्हणाला.

"तू गप रे, खोकल्या!"

इतक्यात नाथा रिक्षातनं उतरला, हातात खरा डबा. मांडवातली शांतता बघून तो दारातच थांबला. सगळ्यांच्या नजरा राजूवर. आणि मागून अक्षदा पुढं आली. कानशिलं लाल झालेली, पण आवाज सरळ. "मी काढली. चमच्यानं. पीठ बघितलं तेव्हा यांना जाऊ दिलं असतं तर हे बाहेर येऊन सांगणारच होते. मीच थांबवलं. ताई रडायला नको म्हणून."

आता सगळे बघायला लागले जनाबाईकडं. जनाबाई म्हंजे अक्षदाची आजी, बुवापाड्यातल्या अर्ध्या पोरींना तिनं पाटावर बसवलेलं, हळदीत तिचा शब्द शेवटचा. ती खांबाला टेकून बसलेली. तोंडातलं पान एका गालातनं दुसऱ्या गालात सारलं.

"नवऱ्याच्या अंगाची हाय ना?"

"हाय," राजू म्हणाला.

"मग ती कंच्या वाटंनं आली ते कशाला इचारता? आमच्या टायमाला हळद बैलगाडीतनं यायची. माझी तर नाल्यात सांडलेली. माझ्या सासऱ्यानं धोतरावर उडालेली झटकून आणली नि तीच मला लावली. सात पोरं झाली! ओ नाथाभाव, उभं काय ऱ्हायलाव, आणा तो डबा. दोन्ही लावा. हळद जास्त झाली म्हणून नवरी नासत नाय."

विठा आत्यानं कमरेवर हात ठेवला. "आणि त्या पिठाचं काय करायचं?"

"काय म्हंजे? तेल तापवा!"

पहिली हसली विठा आत्याच. मग हर्षाली, डोळे पुसता पुसता. मग सगळा मांडव. नवरीकडच्यांनी कांदे चिरले, वऱ्हाडाच्या पिठाची भजी तळली, आणि दोन्हीकडच्या बायका एका ताटात खायला बसल्या, साखरपुड्यात बसल्या नव्हत्या त्या. गंधार म्हणाला, "मीठ कमी आहे, मी आधीच सांगितलेलं." विठा आत्या अक्षदाला चिमटा काढून म्हणाली, "आमच्या पोराची मान बरी घासलीस गो. कान राहिलं, ते कधी घासणार?" अक्षदा जी आत पळाली ती बाहेरच आली नाय.

नाथानं राजूकडं बघितलं पण नाय. राजूला वाटलं, घरी गेल्यावर धडगत नाय. रिक्षात बसताना बापूस म्हणाला, "उद्या नवऱ्याच्या बुटांकडं तू बघायचं."

"मी?"

"मग काय गंधार? घरचा माणूस तू हायस."

दुसऱ्या दिवशी बूट चोरीला गेले, अक्षदानंच नेले. त्यावर पण नाथा काय बोलला नाय.

मग पुढं फोन सुरू झाले, मग अंबरनाथच्या शिवमंदिराकडं भेटी. आधी गंधार मधे बसायचा, मग बाजूला बसायला लागला, मग घरीच बसायला लागला. अक्षदा राजूला कादंबऱ्या वाचायला द्यायची, राजू त्या रिक्षात विसरून यायचा, लायब्ररीवाला अक्षदाला ओरडायचा. राजूनं राहिलेला विषय काढला, गंधारनं रोज संध्याकाळी शिकवून. आनंदनगरला पॅकिंगच्या कामाला लागला. अक्षदाचं कॉलेज संपलं तसा नाथा स्वतः, कोणाला न सांगता, कंपनीच्या कपड्यातच बुवापाड्याला गेला आणि जनाबाईसमोर जाऊन बसला.

"तुमच्या नातीला मागायला आलोय. आमचा पोरगा तुम्ही बघितलाय. सांगितलेलं काम होईल अशी ग्यारंटी मी देत नाय. चूक झाली तर तो तोंड लपवणार नाय, दुसऱ्यावर ढकलणार नाय. एवढी देतो."

जनाबाईनं अक्षदाकडं बघितलं. अक्षदा दाराच्या आडून मान हलवत होती. जनाबाई म्हणाली, "एवढी बास. बाकीचं आमची पोर बघील."

आणि ते तसंच झालं. चामटोलीच्या घरात दोघं सुखानं राहिली, एक पोरगी झाली, सई. राजू शेवटपर्यंत विसरत राहिला. बाजारातनं मेथी आणायला गेला की शेपू घेऊन यायचा. पण उंबऱ्यातच उभा राहून आधी सांगायचा, "अक्षदा, चुकलं बघ माझं." ती म्हणायची, "द्या इकडं." आणि जी भाजी आली ती शिजायची.